देठाशी काळा पडणारा केशर : बुरशी फळ कसं विरघळवते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक असेल तर कळेल. जालन्याकडच्या अंबड भागात तुमची केशर आंब्याची साडेतीनशे झाडं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवलेला माल तोडताना स्वच्छ होता, अंगावर एक डाग नव्हता. बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढून आढी लावली, म्हणजे गवताच्या थरांत पिकत घातला. चौथ्या दिवशी देठाभोवती तपकिरी कडं दिसलं, सहाव्या दिवशी काही फळं अर्धी काळी, काहींवर खोलगट काळे ठिपके, आणि बोटानं दाबलं तर आत नुसतं पाणी. तुम्ही विचारताय की बुरशी आढीच्या गवतातून आली का, औषधात बुडवूनही ती थांबली का नाही, आणि एवढं घट्ट फळ चार दिवसांत पाणी कसं होतं. शेवटी घरच्यांचा प्रश्नही जोडलाय : सडका भाग कापून उरलेल्याचा रस केला तर चालेल का?

तिसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो. तो सुटला की बाकीचे तिन्ही त्यातूनच सुटतात.

बुरशीला तोंड नसतं, पोटही नसतं. आपण घास आत घेतो आणि मग पचवतो. बुरशी पचनरस अंगाबाहेर सोडते, समोरचं अन्न जागीच विरघळवते आणि ते पातळ झालेलं आपल्या तंतूंच्या भिंतीतून शोषून घेते. या रसातलं कामकरी द्रव्य म्हणजे विकर, ज्याला आपण सर्रास एन्झाइम म्हणतो. प्रत्येक विकराचं काम ठरलेलं असतं. अडकित्त्यानं सुपारी कातरते, ऊस तुटत नाही. तसंच सालीवरचा मेणचट थर उकलणारं विकर वेगळं, पेशींमधला चिकट पदार्थ तोडणारं वेगळं, सेल्युलोजचे धागे कापणारं वेगळं. आणि विकर कामात खर्च होत नाही. एक बंध तोडला की तोच रेणू पुढच्या बंधाकडे वळतो. म्हणून नखाएवढ्या बुरशीला अख्खं फळ लोळवायला वेळ लागत नाही.

आता हा रस तोडतो काय ते बघा. केशरचा गर म्हणजे लाखो पेशी. प्रत्येक पेशीला स्वतःची भिंत आणि दोन पेशींच्या मध्ये पेक्टिनचा पातळ थर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागात जे गेले त्यांनी पाहिलंय : पडलेल्या घरांचे दगड बहुतेक शाबूत होते. दोन-दोन फूट जाड भिंती, पण दगडाला दगड धरून ठेवणारी माती सुटली आणि भिंत राहिली नाही. फळात पेक्टिन म्हणजे ती मधली माती. बुरशी पहिल्यांदा दगडाच्या मागे लागत नाही, माती सोडवते. सेल्युलोजचे धागे बऱ्याच वेळा फळ गळून गेल्यावरही टिकून असतात, पण तोवर त्यांना धरणारं काही उरलेलं नसतं.

पेक्टिनचं वागणं समजायला प्रयोगशाळा लागत नाही, तूरडाळ पुरते. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही प्रत्येक घरातली तक्रार. त्या जड पाण्यात कॅल्शियम असतं. पेक्टिनच्या लांब साखळ्या शेजारी-शेजारी आल्या की कॅल्शियम त्यांच्यामध्ये टाके घालतं आणि डाळीच्या पेशी एकमेकींना सोडत नाहीत. डाळ शिजणं म्हणजे पेशी फुटणं नव्हे, पेशी सुट्या होणं. पाणी जड असेल तर आजी चिमूटभर सोडा टाकायची आणि डाळ लगेच गळायची, कारण सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात पेक्टिनची साखळी लवकर तुटते. चिंच मात्र ती डाळ शिजल्यावरच घालायची. आधी घातली तर आंबटपणात पेक्टिन टिकून राहतं आणि शिट्ट्यांमागून शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणकच. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्यामागेही हाच कॅल्शियमचा टाका.

बुरशी हाच स्वयंपाक चुलीशिवाय करते. पेक्टिनच्या साखळीवर जागोजागी मिथाइलचे गट बसलेले असतात, मक्याच्या कणसावर पानं असावीत तसे. एक विकर, पेक्टिन मिथाइलएस्टरेज, ती पानं सोलतं. सोललेल्या साखळीवर दुसरं विकर, पॉलिगॅलॅक्टुरोनेज, पाणी खर्चून घाव घालतं आणि तिचे तुकडे पाडतं. तिसऱ्या प्रकारचं, लायेज, पाण्याशिवायच साखळी तोडतं. साखळ्या मधल्यामधे थोड्याच ठिकाणी तुटल्या तरी गराचा घट्टपणा बराच गेलेला असतो. पेशी आतून पाण्याच्या दाबानं फुगलेली असते, ट्यूबसारखी. बाहेरचा टायर फाटला की ट्यूब फुटते. तुम्ही बोटानं दाबलं आणि ‘पाणी’ निघालं ते नव्यानं आलेलं नाही. केशरात शंभरातले ऐंशीच्या वर भाग पाणीच असतं, फक्त ते पेशीपेशीत कोंडलेलं असतं.

इथं एक गंमत सांगतो. आंब्याचा गर काढणाऱ्या आणि सफरचंदाचा रस नितळ करणाऱ्या कारखान्यांत पेक्टिनेज नावाचं विकर पोत्यांनी, डब्यांनी विकत आणतात. ते बनतं ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याखाली जी काजळी दिसते तिच्याच जातीपासून. ज्या रसासाठी कारखानदार पैसे मोजतो, त्याच रसानं तुमची आढी बुडाली.

सगळ्या बुरश्या एकाच पद्धतीनं काम करत नाहीत, आणि माझ्या मते शेतकऱ्याला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. विकराला आजूबाजूचा सामू जमावा लागतो. सामू म्हणजे पीएच, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट. पॉलिगॅलॅक्टुरोनेज आंबट वातावरणात जोमात चालतं, पेक्टेट लायेजला अल्कधर्मी बाजू लागते. म्हणून बुरशी आधी शेजारपाजार आपल्या सोयीचा करून घेते. पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी या थंड प्रदेशातल्या कोयीच्या फळांवर मोनिलिनिया नावाची बुरशी तपकिरी सड आणते. ती ग्लुकोनिक आम्लासारखी आम्लं सोडून गर आणखी आंबट करते आणि मग पॉलिगॅलॅक्टुरोनेजला कामाला लावते. आपल्या आंब्यावरची करप्याची बुरशी, कोलेटोट्रायकम, नेमकी उलटी. ती अमोनिया सोडते. म्हणजे आजीनं टाकलेला सोडाच तो. डागाच्या जागी सामू साधारण ६ च्या पुढे चढला की ती पेक्टेट लायेज बाहेर टाकते. इस्रायलच्या व्होल्कानी संस्थेत डोव्ह प्रुस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ॲव्होकॅडोवर उकलून दाखवलं. त्यांनी हे लायेज बनवणारं जनुकच बुरशीतून काढून टाकलं, तेव्हा तिची सड घडवायची ताकद घटली. पुढे तिकडं आंब्यावरच्या अल्टर्नारियाच्या काळ्या डागासाठी फळं सौम्य आम्लाच्या पाण्यातून काढण्याची पद्धतही आली, कारण तीही बुरशी अमोनियावालीच. हे वाचून कृपा करून कुणी बॅटरीचं ॲसिड बादलीत ओतू नका. साल जळते, हात जळतात, आणि माल कोणी घेत नाही.

कैरी का सडत नाही याचं अर्धं उत्तर इथंच आहे. कैरीच्या गराचा सामू ३ च्या आसपास असतो. पिकताना आंबटपणा जातो, तो ४ च्या पुढे सरकतो, आणि अमोनिया सोडणारीचं काम आयतं हलकं होतं.

आता पहिला प्रश्न, बुरशी आली कुठून. आढीतून नाही. निदान तुमच्या फोटोंतली तरी नाही. ती बागेतूनच फळात बसून आली होती.

करप्याचे बीजाणू झाडावरच्या सलांवर (वाळून मेलेल्या काड्यांवर), जुन्या मोहोराच्या काड्यांवर, करपलेल्या पानांवर असतात. पाऊस पडला की थेंबाबरोबर उडून खाली फळावर येतात. मार्च-एप्रिलमधला अवकाळी आणि मेमधला वळीव यासाठी पुरेसा असतो, कारण बीजाणूला रुजायला काही तासांचा ओलावा हवा असतो, महिनाभराचा नव्हे. रुजल्यावर त्याच्या टोकाला एक काळपट, गोल, घट्ट चिकटलेली गाठ तयार होते. तिच्यात आतून इतका दाब चढतो की ट्रॅक्टरच्या टायरमधली हवा त्यापुढे काहीच नाही. त्या दाबानं एक सूक्ष्म खुंटी सालीत घुसते, आणि सोबतीला क्युटिनेज नावाचं विकर सालीवरचा मेणचट थर उकलतं. या क्युटिनेजवर मूळचे केरळचे आणि अमेरिकेत संशोधन केलेले पी. ई. कोलत्तुकुडी यांनी पायाभूत काम केलं. बीजाणू जवळ थोडंसं क्युटिनेज बाळगूनच येतो, त्यानं सालीचा जरासा भाग विरघळवून चव घेतो, आणि ‘खाली फळ आहे’ असं त्या चवीवरून कळलं की विकराचं उत्पादन वाढवतो. गव्हाच्या पोत्यात बांबी घालून नमुना काढणाऱ्या व्यापाऱ्यासारखं.

एवढं करून बुरशी थांबते. सालीखाली, डोळ्याला दिसणार नाही अशी, कित्येक आठवडे. का थांबते? कैरी तिला येऊ देत नाही. आंबट आहे, साखर नाही, पेक्टिन कॅल्शियमच्या टाक्यांनी शिवलेलं आहे. शिवाय वनस्पतींच्या पेशीभिंतीत अशी प्रथिनं असतात जी बुरशीच्या पॉलिगॅलॅक्टुरोनेजला चिकटून त्याचा वेग मोडतात. आणि सालीत विष आहे. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्ब्याचं तेल उतलं की काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको, कैरीचा चीक अंगावर उडाला तरी कातडी भाजते. त्याच जातकुळीची रिसॉर्सिनॉल द्रव्यं कैरीच्या सालीत भरपूर असतात आणि बुरशीला ती सोसत नाहीत. फळ पाडाला आलं, पिकायला लागलं, की ही द्रव्यं ओसरतात. आंबटपणा जातो, साखर येते, फळ स्वतःच्याच विकरांनी स्वतःचं पेक्टिन सैल करायला घेतं, कारण मऊ होणं म्हणजे दुसरं काय. पिकताना फळातून निघणारा इथिलीन वायू तर या बुरशीच्या बीजाणूंना रुजण्याची सूचनाच देतो. दार आतून उघडलं जातं, बाहेर पाहुणा बसलेलाच असतो.

काळे खोलगट ठिपके म्हणजे हा करपा. देठाशी सुरू होणारी सड मात्र वेगळी आणि आपल्या भागात माझ्या अनुभवात जास्त नुकसान करणारी. तिची बुरशी बहुधा लॅसिओडिप्लोडिया. ही फळावर उडून यायची गरजच नाही. ती झाडाच्या फांदीत, मोहोराच्या दांड्यात, देठात भाडेकरूसारखी राहते, झाडाला वरकरणी काही त्रास न देता. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की तिचं फावतं. जालना, बीड, धाराशिव पट्ट्यातल्या बागा एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगलेल्या असतील तर त्या वर्षी देठकूज हमखास जास्त, हे मी वारंवार पाहिलंय. फळ तोडलं की देठातून ती खाली उतरते. साधारण ३० अंशांच्या आसपास तिला सर्वांत चांगलं मानवतं, आणि मे महिन्यात आपल्या आढीच्या पोटात त्याहून कमी तापमान कधी असतं? देठाभोवती कडं दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत फळ निम्मं जातं, कारण ही बुरशी देठापासून कोयीकडे जाणाऱ्या शिरांच्या वाटेनं धावते, करप्यासारखी एका जागी बसून पोखरत नाही.

म्हणजे गवताचा काहीच दोष नाही का? थोडा आहे. जुनं, भिजलेलं पाचट किंवा कडबा वापरला तर रायझोपस आणि काळी बुरशी तिथून येतेच. पण त्यांना जखम लागते. खरचटलेलं, आपटलेलं, देठ उपटलेलं फळ त्यांना चालतं, धड फळ नाही.

रायझोपसचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. शिळ्या पावावर राखाडी केसांसारखी, टोकाला काळे ठिपके असलेली जी बुरशी येते ती ही. जून-जुलैत हिमाचल आणि काश्मीरकडून आलुबुखार, पीच, जर्दाळू आपल्या संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात येतो. एखादी पेटी उघडली की मधोमध घरटं केल्यासारखा ओला, आंबूस वासाचा गोळा दिसतो. एका फळाला जखम होती, त्यातून बुरशी शेजारच्या धडधाकट फळांत शिरली. ओळखायची खूण सोपी आहे. रायझोपसनं सडलेल्या पीचची साल अंगठ्यानं लोटली की सरकन निघते, कारण तिचं विकर सालीखालचं पेक्टिन पार धुऊन टाकतं. मोनिलिनियाच्या तपकिरी सडीत साल अशी सुटत नाही आणि फळ बराच वेळ चिवट राहतं. व्यापाऱ्याशी पट्टीवरून वाद झाला तर हा फरक कामाला येतो. तपकिरी सड बागेतून आलेली असू शकते, रायझोपस म्हणजे बहुधा हाताळणी आणि वाटेतली उष्णता. ५ अंशांखाली रायझोपस जवळजवळ वाढतच नाही.

याच रायझोपसनं जर्दाळू डबाबंद करणाऱ्यांना छळलंय. फळं चांगली निवडलेली, डबे उकळत्या पाण्यात काढून सीलबंद केलेले, आत जिवंत बुरशीचा मागमूस नाही. तरी काही आठवड्यांनी डबा उघडला की फोडींचा लगदा. शोध घेतला तेव्हा कळलं की बुरशी मेली होती, पण तिनं आधीच सोडलेलं पॉलिगॅलॅक्टुरोनेज उष्णता सोसून जिवंत राहिलं होतं. म्हणजे ‘जिवंत’ हा शब्द चुकीचा, विकर जिवंत नसतंच. ते नुसतं काम करत राहतं.

घरच्यांना हेच सांगा. डागाची कड जिथं दिसते तिच्या पुढे तंतू गेलेले असतात आणि तंतूंच्याही पुढे विकर पाझरलेलं असतं. बोटभर अंतर ठेवून कापलं तरी उरलेल्या गराची चव उतरलेली असते आणि रस तासाभरात पाणी सोडतो. शिवाय काही बुरश्या विषारी द्रव्यं बनवतात. पेनिसिलियम एक्स्पान्सम नावाची निळी बुरशी सफरचंदात आणि पीच, आलुबुखारासारख्या फळांत पॅटुलिन बनवते आणि ते सडक्या भागापुरतंच राहत नाही. सालीवर मोहरीएवढा एखादा करप्याचा ठिपका असेल आणि खालचा गर घट्ट असेल तर मी स्वतः ते फळ खातो. देठ काळा पडलेलं फळ मी खड्ड्यात टाकतो, उकिरड्यावरही नाही, आणि बागेच्या बांधावर तर मुळीच नाही.

राहिला औषधात बुडवण्याचा प्रश्न. तुम्ही वापरलेलं बहुतेक सालीवर राहणारं औषध होतं. बुरशी सालीखाली आणि देठाच्या आत होती. वरून अंगण झाडलं, चोर माळ्यावर. आंतरप्रवाही, म्हणजे आत शिरणारं औषध तोडणीनंतर वापरण्याचा सल्ला मी देत नाही, कारण त्यानंतर फळ खाणाऱ्याच्या ताटात जायला आठवडाही उरत नाही, उर्वरित अंशाची भानगड वेगळीच. फवारणीची खरी वेळ मोहोर ते वाटाण्याएवढी फळं ही आहे. त्यातही लेबलवर आंबा आणि करपा लिहिलेलं असेल तेच, आणि तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते बघूनच.

तोडणीनंतर खरा उपयोग होतो तो गरम पाण्याचा. ५२ अंश सेल्सियस, ५ ते १० मिनिटं. उष्णता सालीखाली जाते, जिथं औषध पोचत नाही, आणि दबून बसलेल्या बुरशीला मारते किंवा पार मागे ढकलते. युरोपला जाणाऱ्या आंब्याला ४८ अंशांवर ६० मिनिटं बुडवतात ते फळमाशीसाठी. या दोन्ही गोष्टींची लोक सरमिसळ करतात. कुणी ५२ वर तासभर ठेवतं आणि मग मला फोन येतो की आंबा उकडला. देठकुजीवर गरम पाण्याचा परिणाम करप्याइतका चांगला नसतो, कारण ती फार आत असते, हेही आधीच सांगून ठेवतो.

आणि माझी चूकही सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. पहिल्याच हंगामात मी एका पॅकहाऊसवर लोखंडी टाकी आणि खाली गॅसची शेगडी, एवढ्यावर हे काम सुरू केलं. पाणी ५२ वर आलं, सहा कॅरेट एकदम सोडले. सकाळी झाडावरून उतरवलेला गार माल, पाणी क्षणात ४७ वर. मी थर्मामीटर वरच्या थरात धरून बसलेलो, तळाशी काय आहे ते बघितलंच नाही. पुढच्या फेरीला घाबरून शेगडी मोठी केली, तर तळची फळं भाजली, खांद्यावर तपकिरी चट्टे. त्यावर कडी म्हणजे फळं गार करायला शेजारच्या हौदात सोडली. तो हौद जनावरांच्या पाण्याचा. म्हणजे बुरशी मारून झाल्यावर तिचीच पुन्हा आंघोळ घातली. त्या खेपेला मालकाचे किती गेले ते मी अजून उच्चारत नाही. पाणी हलतं ठेवा, टाकी मालाच्या मानानं मोठी घ्या, थर्मामीटर तीन ठिकाणी धरा, गार करायचं पाणी पिण्याच्या पाण्याइतकं स्वच्छ घ्या आणि नंतर पंख्याखाली फळं पूर्ण कोरडी होऊ द्या. कोवळा माल गरम पाण्यात लवकर भाजतो, म्हणून आधी बादलीत टाकून बघा. तयार केशर साध्या पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो.

देठकुजीचा बंदोबस्त टाकीत नाही, झाडावर आणि तोडणीत आहे. जूनमध्ये माल संपल्यावर वाळक्या सला, मेलेल्या फांद्या, मोहोराच्या काड्या काढून बागेबाहेर नेऊन जाळा आणि कापलेल्या जागी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) लावा. झाडाच्या पोटात ऊन शिरलं पाहिजे. तोडताना झेल्याला कात्री असेल तर चार-पाच सेंटिमीटर देठ ठेवून फळ काढा. ओढून देठ उपटलात तर बुरशीला दार सताड उघडं. नंतर देठ सेंटिमीटरभर ठेवून छाटायचा आणि फळ उलटं ठेवून चीक गळू द्यायचा, मातीवर नाही, जाळीवर. सकाळी दहाच्या आत तोडणी संपवा. दुपारी बाराला उतरवलेल्या फळाचं अंग ४० अंशांना टेकलेलं असतं आणि अशा उन्हानं तापलेल्या मालाची कॅरेटं एकावर एक रचून ताडपत्री ओढली की बुरशीसाठी खोली तयार झाली. विकराचा वेग तापमानाशी बांधलेला आहे. मोटामोटी दर १० अंशांना तो दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो.

मग फ्रिजमध्ये ठेवायचा का? पीच आणि आलुबुखार शून्याच्या जवळ ठेवतात, आंब्याला ते चालत नाही. १३ अंशांच्या आसपास केशर चांगला राहतो, १० च्या खाली गेला की थंडी बाधते, साल काळवंडते, चव येत नाही, आणि बाहेर काढल्यावर थकलेल्या सालीतून बुरशी आणखी जोरात उठते. पिकवायला २० ते २२ अंशांची खोली आणि ठरलेल्या मर्यादेतला, १०० पीपीएमपर्यंतचा इथिलीन वायू, हा आजचा सर्वांत बरा मार्ग आहे. जालन्याला पणन मंडळाचं केशर आंब्याचं निर्यात सुविधा केंद्र आहे, तिथं एकदा हंगामात जाऊन काम कसं चालतं ते बघून या. मराठवाडा केशरला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मुंबईच्या गिऱ्हाईकाला मानांकन देठाच्या कड्यावरूनच कळतं. कार्बाइडबद्दल एवढंच, ते कायद्यानं बंद आहे आणि ते योग्यच आहे. कोवळं फळ जबरदस्तीनं एकदम सैल पडतं, चव आलेली नसते आणि सालीची राखण मात्र उठलेली असते.

आढीच लावायची असेल तर सुकं, नवं गवत घ्या, थर दोन-तीनच ठेवा, खोलीत वारा फिरू द्या आणि तिसऱ्या दिवसापासून रोज उलगडून देठ बघा. कड्याचं एकही फळ राहू देऊ नका.

कॅल्शियमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डाळीच्या गोष्टीवरून मनात येईलच. फळ वाढत असताना कॅल्शियमच्या फवारण्या दिल्या तर पेक्टिनचे टाके घट्ट होतात, फळ थोडं उशिरा सैलावतं आणि बुरशीच्या कात्रीला कमी जागा मिळते. उपयोग आहे, पण चमत्कार नाही. बोअरच्या पाण्यातली डाळसुद्धा शेवटी कुकरमध्ये शिजतेच. ज्या बागेत सला तशाच लटकत आहेत तिथं कॅल्शियमवर पैसे घालवू नका.

शेवटी एक काम सांगतो, खर्च नाही. कॅलिफोर्नियात प्लमच्या बागांत हिरवी फळं रात्रभर गोठवून मग उबेत ठेवतात. मेलेल्या फळाची राखण उठते आणि लपलेली मोनिलिनिया आठवड्याच्या आत वर येते, म्हणजे हंगामाआधीच कळतं किती फळांत ती बसली आहे. तुम्हाला एवढंही नको. पुढच्या वर्षी मुख्य तोडणीच्या पंधरा दिवस आधी बागेच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून मिळून तीस फळं देठासकट काढा. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत ओल्या कागदावर ठेवा, सावलीत, आणि पिकेपर्यंत रोज मोजा : किती फळांच्या देठाशी कडं आलं, किती फळांवर ठिपके. तीसपैकी दोन-तीन असतील तर आढी लावा. दहाच्या वर गेले तर माल आढीत घालू नका, कैरीतच लोणच्याला किंवा गराच्या कारखान्याला द्या. तो आकडा आणि देठाच्या बाजूनं काढलेले फोटो मला पाठवा, मग पुढचं बोलू.